पुठ्ठ्याचा कंप्युटर

गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी मी बस चालवायला लागले.

गुडघा उजवा. सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात चौतीस वर्षं लोखंडी शिडीवर चढून फायली काढल्या, त्यात तो झिजला. निवृत्त झाले आणि चारच महिन्यांत डॉक्टरांनी तो बदलून टाकला. आमचं घर कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर, आणि सोसायटीत लिफ्ट बसवायची की नाही यावर अजून सभा चालू आहेत. म्हणून दवाखान्यातून मला थेट मुलीकडे नेलं. ती हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि तिथंच अकराव्या मजल्यावर राहते. लिफ्ट आहे, पण लिफ्टने खाली उतरून जायचं कुठं, हा प्रश्न होताच. ती दिवसभर आतल्या खोलीत मीटिंगमध्ये आणि मी खिडकीत. खिडकीतून कंपन्यांच्या बसगाड्या दिसायच्या. सकाळी नऊ वाजता गुलमोहोरापाशी पाहिलेली पांढरी बस, मी पोहे खाऊन, व्यायाम करून, आंघोळ उरकून आले तरी गुलमोहोरापाशीच असायची.

"हिच्यापेक्षा मी लवकर नेली असती," असं मी एकदा म्हणाले. मुलीने ते मनावर घेतलं. शनिवारी तिने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला आणि बस चालवायचा गेम लावून दिला.

बस परदेशातली होती, रस्ता डोंगरातला आणि जवळजवळ मोकळा. थांब्यावर माणसं रांगेत उभी असत. ती एकेक करून चढत आणि चढताना ड्रायव्हरला नमस्कार करत. पहिल्याच दिवशी मी सात प्रवाशांसकट दरीत गेले. मुलगी म्हणाली, "काही होत नाही आई. परत सुरू कर." चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या चुकीवर हे वाक्य मला कोणी ऐकवलं नव्हतं. मी परत सुरू केलं.

तिसऱ्या आठवड्यात मुलगी आतल्या खोलीतून चेहरा पाडून बाहेर आली. लॅपटॉप तिच्या ऑफिसचा होता, हे मला तेव्हा कळलं.

"आई, ऑफिसमधून मेल आलाय. काल सुट्टीच्या दिवशी हा लॅपटॉप साडेपाच तास एवढा का तापला, असं विचारलंय."

"शेवटचे चार थांबे राहिले होते गं."

"मी मॅनेजरला सांगितलं, माझी आई बस चालवते."

"मग?"

"आधी तो म्हणाला, खूप अभिमानाची गोष्ट आहे. मग मी नीट समजावलं. आता गेम काढून टाक म्हणतोय."

गेम गेला. गुडघा बरा होऊन मी काठीच्या आधाराने कोथरूडला परत आले, पण बोटं आपोआप ब्रेकचं बटण शोधायची. त्यात दुसरंही एक दुखणं होतं. आमच्या विहारातल्या महिला मंडळाच्या सहली, जयंतीचे कार्यक्रम, सगळ्यांचं चित्रण करायचं काम माझ्याकडे आहे. निवडणूक होऊन आलेलं नाही. पहिल्या सहलीत माझ्या फोनची बॅटरी शिल्लक होती, एवढंच कारण. तेव्हापासून फोनमध्ये शेकडो तुकडे साठले होते. ते जोडून एक व्हिडिओ करायला बसले, की फोन तापायचा, मग थांबायचा, मग बंद पडून माझ्याच तोंडाचं काळं प्रतिबिंब दाखवायचा. मंडळाच्या अध्यक्षबाई दर पौर्णिमेला विचारायच्या, "आमची सहल कधी दिसणार?" सहल होऊन दीड वर्ष झालं होतं.

तेव्हा मुलगीच म्हणाली, "स्वतःचा कंप्युटर घे. तयार नको, सुटे भाग निवडून बांधून घे. गेमही चालेल, एडिटिंगही होईल, आणि वर्षानुवर्षं टिकेल."

हे शेवटचं वाक्य ती माझ्या नवऱ्यासमोर बोलली.

माझा नवरा पिंपरीच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होता. बनून आलेला भाग बरोबर मापाचा आहे की नाही ते पाहायचं आणि नसेल तर परत पाठवायचा, एवढंच त्याने आयुष्यभर केलं. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही म्हणून तो घरातल्या वस्तू तपासतो. नवी वस्तू आली की आधी हातात धरून वजन बघतो, मग उलटी करतो, मग म्हणतो, "टिकणार नाही." लग्नात माझ्या मावशीने दिलेल्या हंड्याबद्दलही तो हेच म्हणाला होता. हंडा अजून आहे, पण ती गोष्ट आम्ही काढत नाही.

मुलीने फोनवर यादी पाठवली. प्रोसेसर, सगळे भाग ज्यावर जोडतात तो मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पडद्यावरचं चित्र काढणारं ग्राफिक कार्ड, वीज पुरवणारा डबा आणि हे सगळं ज्यात बसतं ते कॅबिनेट. मी माझ्या कचेरीच्या हिशेबाने समजून घेतलं. डिस्क म्हणजे अभिलेख कक्ष, रॅम म्हणजे टेबल, प्रोसेसर म्हणजे फायली हलवणारा कारकून. ग्राफिक कार्डाचं माणूस मात्र आमच्या कचेरीत कोणी सापडेना. सगळ्यांत जास्त वीज खाणारं आणि सगळ्यांत जास्त देखणं, असं आमच्याकडे कोणीच नव्हतं.

पैशाचा प्रश्न मी एका वाक्यात मिटवला: माझ्या निवृत्तीचे आहेत. मग एका मंगळवारी आम्ही दोघं स्वारगेटजवळच्या दुकानात गेलो. हे दुकान मुलीनेच सांगितलं होतं. माणूस प्रामाणिक आहे, पण बोलायला तिखट आहे, अशी सूचनाही दिली होती.

मालक पन्नाशीचा असावा. चष्मा कपाळावर, केसांना काळा रंग. त्याने यादी वाचली.

"कोणी काढली ही?"

"मुलीने."

"हुशार आहे. नातवासाठी का?"

"माझ्यासाठी."

त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. "यावर काय करणार काकू?"

मला काकू म्हणण्याइतका तो लहान नव्हता, पण मी सोडून दिलं. "व्हिडिओ एडिटिंग. आणि बस चालवते."

"कुठली?"

"बारा मीटरची. सध्या डोंगरात."

तो हसला नाही. कागदावर त्याने 'बस' असं लिहिलं. "रस्त्यावर रहदारी किती ठेवता?"

"हिंजवडीच्या मानाने काहीच नाही."

"बाजूचे आरसे चालू ठेवता का? बरेच लोक बंद करतात. आरसा म्हणजे मागचं सगळं चित्र कंप्युटरने पुन्हा काढायचं. ताण येतो त्याला."

"आरसे बंद करून बस कशी चालवणार?" मी म्हणाले. "लोक बसलेले असतात मागे."

यावर त्याने माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं आणि यादीतलं ग्राफिक कार्ड खोडून त्याच्या वरचं लिहिलं. "मग हे लागेल. यात आरसे स्वच्छ दिसतील."

इतका वेळ माझा नवरा काउंटरवरच्या एका रॅमचं वजन करत होता. आता तो पुढे झाला.

"किती वर्षं टिकेल हे?"

"वापरावर आहे."

"वापर व्यवस्थित धरा."

"सहा-सात वर्षं."

"आमचा मिक्सर सव्वीस वर्षं चाललाय."

"मग मिक्सरवर करा ना एडिटिंग," मालक म्हणाला.

मला वाटलं, आता निघावं लागणार. पण नवरा नोकरीभर ठेकेदारांशी बोललेला माणूस. त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. त्याने रॅम उचलून दाखवली. "आणि याच्यावर हे दिवे कशाला?"

"दिसायला."

"बिघाड झाला की लागतात?"

"नाही. चालू असताना लागतात."

"म्हणजे काय दाखवतात?"

"दिवे आहेत असं दाखवतात."

"बिनदिव्याची द्या."

"बिनदिव्याची आता कोणी मागत नाही. दिव्यांसकट घ्या आणि डोळे मिटून चालवा."

"बस आहे हो ती," मी म्हणाले.

शेवटी नवरा म्हणाला, "विचार करून येतो." मालक म्हणाला, "जरूर. विचार सुटा करावा, बांधून देत नाही आम्ही."

नवऱ्याने जो विचार केला तो मी जन्मात विसरणार नाही. घरी आल्यावर त्याने प्रत्येक भागाच्या कंपनीची वेबसाइट उघडली आणि वहीत मापं उतरवून घेतली. लांबी, रुंदी, जाडी, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर. मग गच्चीच्या जिन्याखाली ठेवलेला शेजाऱ्यांच्या वॉशिंग मशीनचा खोका विचारून आणला. तीन दिवस दिवाणखान्यात पुठ्ठ्याचा भुसा पडत होता. चौथ्या दिवशी आमच्या दिवाणावर एक पुठ्ठ्याचा कंप्युटर उभा होता, अगदी खऱ्या मापाचा. त्याची एक बाजू उघडायची. आत पुठ्ठ्याचा मदरबोर्ड, त्यावर पुठ्ठ्याची रॅम, मागे वीज पुरवणारा डबा. पंख्यांना पाती कापून मधोमध टाचण्या लावल्या होत्या. फुंकर मारली की फिरायचे.

शेजारच्या वहिनी वाटी परत द्यायला आल्या. त्यांनी सगळीकडून फिरून पाहिलं. "छान झालाय. कोणाच्या शाळेचा प्रकल्प?"

"आमचाच," मी म्हणाले.

रविवारी मुलगी आली. ती दारातच थांबली. "बाबा, हे काय आहे?"

"तपासणी," तो म्हणाला. "आता हे बघ." त्याने पुठ्ठ्याचं ग्राफिक कार्ड उचललं आणि आत सरकवलं. ते पुढच्या पंख्याला अडलं. त्याने पुन्हा सरकवलं. पुन्हा अडलं. "कॅबिनेटवाले लिहितात की एवढं लांब कार्ड बसतं. पण त्यांनी पुढचे पंखे धरलेलेच नाहीत. पंखे लावले की जागा कमी पडते. साडेसात मिलिमीटर."

"बाबा, दुकानदार रोज पाच कंप्युटर बांधतो. त्याला माहीत असेल."

"माहीत असतं तर दिलं असतं का?"

"आणि तू पुठ्ठा कापताना चुकला असशील तर?"

हा प्रश्न तिने विचारायला नको होता. नवरा आत गेला आणि व्हर्नियर घेऊन आला. हे पकडीसारखं दिसणारं माप घ्यायचं हत्यार. मिलिमीटरच्याही बारीक वाटण्या त्यावर दिसतात. कारखान्यातून निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्याला हेच भेट दिलं होतं, शाल त्याने आधीच नाकारली होती. मुलीने दोनदा मोजलं. साडेसातच आलं. मग ती पुठ्ठ्याच्या पंख्यावर फुंकर मारत राहिली.

मालकाला हे फोनवर सांगून पटणार नाही, असं नवऱ्याचं मत पडलं. म्हणून सोमवारी आम्ही पुठ्ठ्याचा कंप्युटर घेऊन स्वारगेटच्या सिटी बसमध्ये चढलो. रिक्षात तो दबला असता. मला गुडघ्यामुळे जागा मिळाली. कंप्युटर माझ्या मांडीवर आणि नवरा वर दांडीला धरून, दोघांवरही लक्ष ठेवून.

कंडक्टर आला. "लगेजचं तिकीट लागेल आजोबा."

"रिकामं आहे ते," नवरा म्हणाला.

"आहे काय?"

"कंप्युटर."

कंडक्टरने वाकून आत पाहिलं. बाजूचा पुठ्ठा उघडून पुन्हा लावला. "पुठ्ठ्याचा?"

"हो."

"चालतो?"

"अजून नाही."

कंडक्टरने थोडा विचार केला. लगेजचं तिकीट न फाडता पुढे जाताना तो मागच्या माणसाला हळूच म्हणाला, "राहू दे, वय झालंय." हे आम्हा दोघांनाही ऐकू आलं. नवरा म्हणाला, "तुला म्हणाला तो." माझं सगळं लक्ष मात्र ड्रायव्हरकडे होतं. इतकी वर्षं सिटी बसने कचेरीत गेले, पण ड्रायव्हरचे हात कधी पाहिले नव्हते. कर्वे रस्त्यावर दुचाक्यांच्या थव्यातून तो लांबलचक बस अशी काढत होता, की मला माझ्या सात प्रवाशांची आठवण होऊन लाज वाटली. स्वारगेटला उतरताना मी मुद्दाम पुढच्या दाराने गेले आणि त्याला म्हणाले, "अलका चौकातलं वळण फार सुंदर घेतलंत. मागचं चाक मोजून नेलंत." तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने मागे वळून कंडक्टरकडे पाहिलं. कंडक्टरने मान हलवली.

दुकानात मालक एका गिऱ्हाइकाला खडसावत होता. आम्ही काउंटरवर पुठ्ठ्याचा कंप्युटर ठेवला तसा तो बोलायचा थांबला. चष्मा कपाळावरून खाली आला.

"याची वॉरंटी किती?" त्याने विचारलं.

"कार्ड बसत नाही तुमचं," नवरा म्हणाला.

"पुठ्ठ्याचं नसेल बसत."

"खरं काढा."

मालकाने सुस्कारा सोडला. आतून खरं कॅबिनेट आणलं, समोर दोन पंखे बसवले, मग ग्राफिक कार्डाचा खोका उघडला. कार्ड खरोखरच देखणं होतं, एखाद्या मोठ्या कंपासपेटीएवढं. त्याने ते अलगद आत सरकवलं. अडलं. त्याने ते तिरकं करून पाहिलं. पुन्हा अडलं. दुकानातलं गिऱ्हाईक जवळ येऊन उभं राहिलं.

"आठ मिलिमीटर," मालक शेवटी म्हणाला.

"साडेसात," नवरा म्हणाला, आणि खिशातून व्हर्नियर काढलं.

साडेसात भरलं. मालकाने कार्ड बाहेर काढलं. मग त्याने जिन्यावरून खाली वाकून हाक दिली, "तीन चहा." मुलगी म्हणते, ती त्या दुकानात चार वर्षं जाते आहे, पाणीसुद्धा विचारलेलं नाही.

पुढचा दीड तास त्या दोघांनी मला विसरून काढला. मालक त्याला प्रोसेसरवर लावायची उष्णता वाहून नेणारी पेस्ट दाखवत होता. नवरा म्हणाला, "म्हणजे ग्रीसिंग आहे तर." मालक म्हणाला, "ग्रीसिंगच. तीन-चार वर्षांनी पुसून नवीन लावायची." देखभाल लागते हे ऐकून नवऱ्याचा त्या यंत्रावर पहिल्यांदा विश्वास बसला. वीज पुरवणाऱ्या डब्याला दहा वर्षांची वॉरंटी आहे असं कळल्यावर त्याने तो हातात धरून वजन केलं, उलटा केला आणि काहीच बोलला नाही. हे त्याचं प्रमाणपत्र.

"पण दहा वर्षांनी तुमचं दुकान असेल का?" त्याने विचारलं.

"दुकान असेल," मालक म्हणाला. "मी नसलो तर बसून वाट बघा."

भांडण झालं ते मदरबोर्डवर. नवऱ्याला असा कंप्युटर हवा होता, की जो एकदा बंद केला की पुन्हा उघडावा लागणार नाही. मालक म्हणत होता, उघडता येईल असाच घ्या. शेवटी मी मुलीला व्हिडिओ कॉल लावला. तिने मीटिंगमधून हळू आवाजात सांगितलं, "बाबा, टिकणारा म्हणजे न बदलणारा नाही. आज मधला प्रोसेसर घ्या. मदरबोर्ड असा घ्या, की पाच वर्षांनी त्याच्यावरच नवा प्रोसेसर बसेल. रॅमच्या दोन जागा रिकाम्या ठेवा. वीज थोडी जास्तीची ठेवा. म्हणजे एकेक भाग बदलत राहील, कंप्युटर तोच."

"सगळे भाग बदलले तर तो तोच कसा?" नवरा म्हणाला.

मग मला बोलावंच लागलं. "अहो, तुमची स्कूटर एकतीस वर्षांची आहे म्हणून तुम्ही सोसायटीभर सांगता. तिचं इंजिन दोनदा बदललं. चाकं, सीट, पत्रे, दिवे, सगळं बदललं. मूळचं काय उरलंय तिच्यात?"

त्याने विचार केला. "हँडल. आणि नंबर प्लेट."

"मग?"

तो मालकाकडे वळला. "रिकाम्या जागा ठेवणारा मदरबोर्ड द्या."

कॅबिनेट मी निवडलं. त्यांनी माझ्यासमोर पाच ठेवली आणि दोघंही हवा कुठून येते आणि कुठून जाते यावर बोलायला लागले. मी प्रत्येकाची धुळीची जाळी काढून पाहिली. चार कॅबिनेटांच्या जाळ्या काढायला स्क्रू ड्रायव्हर लागत होता. पाचव्याची नुसती ओढली की हातात येत होती. "हे," मी म्हणाले. "धूळ मी पुसणार आहे." सुदैवाने तेच सगळ्यांत लांब होतं. कार्ड आत गेलं आणि पुढे दोन बोटं जागा उरली.

निघताना मालक पुठ्ठ्याच्या कंप्युटरकडे बघून म्हणाला, "हा राहू द्या इथं. उद्या कोणी विचारलं, की बसेल का, तर दाखवायला होईल." नवऱ्याने लगेच हो म्हटलं नाही. माझ्या आग्रहावरून त्याने तो ठेवला. पण जिन्याच्या तोंडाशी थांबून म्हणाला, "पावसाळ्यात दमट ठिकाणी ठेवू नका."

चार दिवसांनी खरा कंप्युटर घरी आला. मालकाने भाग जोडून, तपासून दिला होता. घरी फक्त पडद्याची आणि विजेची वायर लावायची होती. नवऱ्याने ते काम माझ्याकडे दिलं नाही. त्याने आंघोळ केली, चष्मा पुसला, माहितीपत्रक पहिल्या पानापासून वाचलं, आमच्या भिंतीतला विजेचा दाब मोजला आणि मग बटण दाबलं. पंखे फिरले. दिवे लागले. लाल, हिरवे, जांभळे, पळत्या रांगेतले. दिवाणखाना लग्नाच्या मांडवासारखा दिसायला लागला. पडदा मात्र काळाच.

त्याने बंद करून पुन्हा लावलं. काळा. सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या. काळा. तासाभराने त्याचा चेहरा मी पाहिला. मावशीचा हंडा आला तेव्हा तो असाच दिसत होता. "टिकणार नाही म्हणालो होतो," तो पुटपुटला. मी मालकाला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"पडद्याची वायर कुठं लावलीत?" मालकाने विचारलं.

"मागे," नवरा म्हणाला.

"मागे दोन ठिकाणी लागते ती. तुम्ही वरच्या भोकात लावली असणार. ती मदरबोर्डची. खाली कार्डाची आहे, तिथं लावा. एवढं मिलिमीटरने कार्ड मोजलंत, आणि वायर त्याला लावली नाहीत."

नवऱ्याने वायर खाली लावली. पडदा उजळला. "पुठ्ठ्यात मी ती भोकं कापली नव्हती," एवढंच तो म्हणाला, आणि मालक पलीकडून म्हणाला, "पुढच्या वेळी कापा," आणि फोन ठेवून दिला.

दिव्यांचे रंग बदलता येतात हे मी दुसऱ्या दिवशी शोधून काढलं. सगळे निळे केले. निळ्यावर नवऱ्याची काही तक्रार आली नाही. उलट विहारातले एक काका घरी आले तेव्हा त्यानेच खोलीतला दिवा मालवून ते दाखवले.

बस आता इतकी गुळगुळीत चालते, की आरशात मागच्या गाडीचा नंबर वाचता येतो. नवरा सुरुवातीला लांबून बघायचा. मग खुर्ची ओढून बाजूला बसायला लागला. "उजवीकडून चढण आहे," "तो सायकलवाला भरवशाचा नाही," असं सांगायचा. एकदा एका थांब्यावर मी एक म्हातारी चढायच्या आतच दार लावलं, तर तो संध्याकाळपर्यंत माझ्याशी तुटक बोलला. दुसऱ्या दिवशी त्याच थांब्यावर मी तीन मिनिटं थांबले. तीच म्हातारी आली की दुसरी, हे कळायला मार्ग नव्हता, पण त्याचं समाधान झालं.

मग मी सहलीचं काम हातात घेतलं. फोनमधले शेकडो तुकडे कंप्युटरमध्ये उतरवले. फोन ज्यावर मान टाकायचा ते सगळं याने एका कपभर चहात ओढून घेतलं. पाच दिवसांत बारा मिनिटांचा व्हिडिओ तयार झाला. पौर्णिमेला वंदना झाल्यावर विहारात पडद्यावर दाखवला. सगळ्या हसल्या, टाळ्या वाजल्या, अध्यक्षबाईंनी माझा सत्कार केला, आणि सत्कार करता करताच कानाशी म्हणाल्या, "मी तीनदाच दिसले."

मी त्यांना वाढवून सहा वेळा केलं. ते कळल्यावर खजिनदारबाईंचा फोन आला, की त्या धबधब्यापाशी नुसत्या पाठमोऱ्या आहेत. समोरून असलेला तुकडा शोधून घातला. मग कोणाला डोळे मिटलेले आलेत, कोणाला जेवताना का घेतलं, कोणाच्या बाजूला जी उभी आहे तिच्याशी आता बोलणं नाही. बारा मिनिटांचा व्हिडिओ एकेचाळीस मिनिटांचा झाला. सातव्यांदा जोडला तेव्हाही कंप्युटरने कुरकुर केली नाही. मीच खुर्चीत मान टाकली.

शेवटी अध्यक्षबाई घरी आल्या. माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून त्यांनी स्वतःची सहाही दृश्यं दोनदा पाहिली. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही हनुवटी जरा कमी करता येते का?"

खरं म्हणजे येत नाही म्हणायला हवं होतं. पण मी नुकतंच ते शिकले होते, आणि शिकलेलं दाखवायची हौस मला शाळेपासून आहे. "येते," म्हणाले, आणि करून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बेल वाजली. नवऱ्याने दार उघडलं आणि मागे वळून मला हाक मारली. "अगं, तुझ्याकडे आल्यात."

"कोण?"

"सगळ्याच," तो म्हणाला, आणि चपला घालून स्वारगेटच्या दुकानात निघून गेला.